वॉकर कोणी अडवून ठेवला?

मी निवृत्त पी.टी. मास्तर. पुसदच्या एका शाळेत उभं आयुष्य शिट्टी फुंकण्यात गेलं. नाव धावजी. या नावाच्या माणसाने साठी उलटल्यावर भर वरातीत पडून खुब्याचं हाड मोडून घेतलं, ही बातमी गावात किती आनंदानं फिरली असेल, ते माझ्या हातच्या छड्या खाल्लेल्या कोणालाही विचारा.

वरात पुतण्याची, कपिलची होती. महागावात. डीजे लागला होता, पोट्टे नाचत होते आणि मी फेटा सांभाळत कडेला सभ्यपणे उभा होतो. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "सरांच्यानं आता कायचं होते!" बस. मी रुमाल दातात धरला आणि नागीण डान्सचा पुंगीवाला झालो. गुडघे वाकवून खाली बसणं झकास जमलं. उठताना पाय जनरेटरच्या वायरीत अडकला आणि मी आडवा. सगळ्यांना वाटलं, ही पण स्टेपच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर माझ्याकडे बघून तसंच पडून दाखवलं. मी ओरडत होतो आणि डीजेवाला आवाज वाढवत होता.

ऑपरेशन झालं. मांडीत रॉड पडला. घरी आल्यावर प्रश्न आला वॉकरचा आणि व्यायामाचा. आमच्या घरच्या, म्हणजे इंदूबाई, म्हणाल्या, "चर्चच्या हॉलात वॉकर भेटते. वापराचा आन परत द्याचा. व्यायामाची ताई बी तथीच येते, बुधवारी आन शनिवारी."

मी म्हणालो, "चर्चमध्ये? आपण?"

"आपण काहून? मी तर जातोच."

"तू? कायले?"

"शिवण शिकवाले. पाच-सहा वर्षं झाले."

दर मंगळवारी दुपारी ही बहिणीकडे जाते, अशी माझी पक्की समजूत होती. मी कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे तिने खोटं बोलायचाही प्रश्न आला नव्हता.

हॉल चर्चच्या आवारातच आहे. रविवारी प्रार्थना शेजारच्या चर्चमध्ये होते, पण हॉल आठवडाभर सगळ्यांचा. एका खोलीत शिवणयंत्रं, एका खोलीत संध्याकाळी मुलींचा अभ्यास, ओसरीवर महिन्यातून एकदा बीपी-शुगर तपासतात. हे सगळं रूथताई बघतात. शांत बाई आहेत. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, चष्मा डोक्यावर, आणि तो चष्मा कुठे आहे याचा शोध दिवसभर चालू. त्यांनीच मला वॉकर दिला. ॲल्युमिनियमचा, चार पायांचा, आणि पुढच्या दांडीवर ठळक लाल अक्षरांत लिहिलेलं : 'चर्च समाज केंद्र, वापरून परत करा.' म्हणजे मी गावात जिथे जाईन तिथे आधी ही पाटी आणि मागून मी.

व्यायामाच्या वर्गात मी मोठ्या तयारीने गेलो. शेवटी तो माझाच विषय. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बहुतेक बाया होत्या, सगळ्या माझ्यापेक्षा मोठ्या. माझ्या बाजूला कमरुन्निसा आपा. त्यांचा मुलगा शाहिद माझा जुना विद्यार्थी, ऑटो चालवतो. तोच आम्हा दोघांना आणायचा-न्यायचा. शिकवणारी निशिगंधा, फिजिओथेरपीवाली तरुण मुलगी. मी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, "तुम्हाला काही अडलं तर विचारा, मी याच क्षेत्रातला आहे."

ती म्हणाली, "बरं सर. खुर्ची धरा आणि एक पाय उचला."

मी उचलला. तो जमिनीपासून बोटभर वर गेला आणि परत आला. शेजारी आपा एका पायावर उभ्या राहून दुसऱ्या बाईला मेथीच्या लाडवांची रीत सांगत होत्या. माझी नजर पडली तर त्यांनी लाजून पाय खाली घेतला. मला बरं वाटावं म्हणून.

मग मी दुसऱ्यांच्या चुका दाखवायला लागलो. पाठ सरळ, हनुवटी वर, श्वास नाकाने. निशिगंधाने दोनचार दिवस ऐकून घेतलं. मग एकदा म्हणाली, "सर, तुम्ही दुसऱ्यांकडे बघता तेव्हा तुमचा पाय खालीच असतो." सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसलो, पण माझं हसू जरा उशिरा आलं.

तरी पाय सुधारत गेला. दिवाळी होऊन गेल्यावर डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, "हाड मस्त जुळलं. वॉकर सोडा आता. काठीचीही गरज नाही."

मी त्यांना म्हणालो, "हो." आणि त्याच आठवड्यात वर्गात सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, घाई नको. वॉकर चालू ठेवा." इंदू तेव्हा दारात उभी होती, शिवणाच्या खोलीत राहिलेली कात्री घ्यायला जाता जाता. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेली. इंदू बोलत नाही तेव्हा मला ती जास्त ऐकू येते.

खोटं बोलायचं कारण एकच. मला जमिनीची भीती बसली होती. बाथरूमचा उंबरा, हॉलची गुळगुळीत फरशी, नालीवरचं हलणारं झाकण, यांच्याजवळ गेलो की दोन्ही हात दांडीवर घट्ट बसायचे. मैदानावर पोरांना "पडलास तर काय मरतोस का? ऊठ!" असं ओरडणारा मी, आता स्वयंपाकघरातून पाणी आणायला इंदूला हाक मारत होतो. आणि खरं सांगायचं तर वॉकरचे फायदेही कळले होते. बँकेत लोक रांगेतून पुढे सोडायचे. लग्नात पंगतीआधी ताट यायचं. गल्लीत कोणी वर्गणी मागायला आलं तर माझ्याकडे बघून पुढच्या घरी जायचं. एवढा मान तर मला आदर्श शिक्षक ठरलो तेव्हाही मिळाला नव्हता. अर्थात तो मी ठरलोच नव्हतो, ती गोष्ट वेगळी.

डिसेंबर लागला. हॉलच्या दारावर कागदी तारे टांगायचं काम सुरू झालं. एका बुधवारी आमचा व्यायाम चालू असताना डोमाजी आला. फाटकाबाहेर त्याची बायको गंगी उकडलेल्या शेंगा विकायला बसायची, म्हणून ओळख. ती महिनाभरापासून दिसत नव्हती. डोमाजी दारातच उभा राहिला आणि रूथताईंना म्हणाला, "ताई, आला का वॉकर?"

रूथताईंनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला, पुसला आणि परत डोक्यावर ठेवला. "नाही ना भाऊ. येईल आता. पुढच्या आठवड्यात पाहू."

"मांगच्या आठवड्यातबी तुमी हेच म्हणलं," डोमाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "बकरी बांधता बांधता पडली ते. पाय जुळला, पन धराले काही पाह्यजे म्हणते डॉक्टर. मी कामाले गेलो का दिवसभर खाटेवरच राह्यते. पाण्याले उठता येत नाई तिले."

मला फार वाईट वाटलं. खरोखर वाटलं. आणि वाईट वाटलं की मला भाषण येतं, हा शाळेतला जुना आजार. मी वॉकर पुढे सरकवला, त्यावर दोन्ही हात ठेवून ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "रूथताई, हे बरोबर नाही. लोकांना काही लाज? वस्तू फुकट मिळाली की घरीच ठेवून घ्यायची! आपली गरज संपली, मग दुसऱ्याचा विचार नको का करायला? कोण आहे हा माणूस, मला नाव सांगा. मी जाऊन बोलतो त्याच्याशी. डोमाजी, तू काळजी करू नको. तुझा वॉकर कोणी अडवून ठेवलाय ते मी पाहतो."

निशिगंधा एकदम व्यायामाचे चेंडू मोजायला लागली. पलीकडच्या खोलीतलं शिवणयंत्रही थांबलं. रूथताई म्हणाल्या, "बघते मी, डोमाजीभाऊ," आणि त्याला बाहेर घेऊन गेल्या. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला. परतीच्या ऑटोत बसेपर्यंत मी त्याच तोऱ्यात होतो.

ऑटोत मी, आपा आणि आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर आडवा टाकलेला वॉकर. शाहिदने ऑटो वळवली तशा आपा म्हणाल्या, "सर, बुरा नका मानू. एक बात सांगू?"

"सांगा ना."

"केंद्रात तीनच वॉकर हायेत. एक मोडला. एक त्या किराणावाल्याच्या आईजवळ हाय, तिले खरंच लागते." आपांनी गुडघ्यावरच्या दांडीवर, लाल अक्षरांच्या बरोबर मधोमध बोट ठेवलं. "आन तिसरा हा."

मी ती लाल अक्षरं परत एकदा वाचली, या वेळी शेवटपर्यंत.

"रूथताई मला का नाही बोलल्या?"

"कशा बोलतीन? म्हणे, सर हायेत, त्यायलेच समजन."

"पण आपा, डॉक्टरांनीच तर मला..." मी सुरू केलं.

"डॉक्टरनं काय सांगतलं ते इंदूबाई बोलल्या हायेत मले," आपा हळूच म्हणाल्या.

"म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?"

शाहिदने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "सर, मले तर त्याच दिवशी समजलं. दवाखान्यातून निघताना तुम्ही वॉकर हातात उचलून पायऱ्या उतरले. मांग पाह्यलं, मी हाय म्हणून परत टेकवला."

शाळेत मी परीक्षेत कॉपी करणारी पोरं शेवटच्या बाकावर पकडायचो. त्यातलाच हा एक.

घरी गेल्यावर इंदूने चहा दिला. मी म्हणालो, "सांगायचं होतं ना मला."

"काय सांगाचं? तुमाले माहीत नोतं का?" तिने विचारलं. मग कप उचलता उचलता म्हणाली, "द्या इकडं. मी नेऊन देतो."

ते सगळ्यात सोपं होतं. पण गावभर पाटी घेऊन मी फिरलो आणि परत करायला बायकोला पाठवलं, एवढं तरी होऊ द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉकर भिंतीला लावून ठेवला आणि खाटेपासून दारापर्यंत चालायला लागलो. एका हाताने भिंत, दुसऱ्या हाताने हवा. जमलं. परत येताना भिंतीवरचं कॅलेंडर माझ्या हातात आलं, खिळ्यासकट. इंदूने आतून विचारलं, "काय पडलं?" मी म्हणालो, "डिसेंबर."

शुक्रवारी शाहिदला बोलावलं. त्याला म्हणालो, "डोमाजीच्या घरी चल." त्याने वॉकर फडक्याने पुसून घेतला. डोमाजी पूस नदीकडच्या वस्तीत राहतो. गल्ली इतकी अरुंद की ऑटो तोंडाशीच थांबली. शाहिद म्हणाला, "सर, तुमी व्हा पुढं. मी अम्मीले दवाखान्यात सोडतो आन येतोच." आणि गेला.

मी वॉकर टेकवत टेकवत, झोकात गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. डोमाजी घरीच होता. गंगी खाटेवर बसून कापसाच्या वाती वळत होती. मी म्हणालो, "घ्या! आणला तुमचा वॉकर."

गंगीने आधी वॉकरकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "पन सर, तुमीच तर याच्यावर चालत आले."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याच्यावर चालत आलो तीच वस्तू इथे ठेवून जायची होती. घरून निघताना मी पाण्याची बाटली घेतली होती, मफलर घेतला होता, भाषणसुद्धा तयार केलं होतं. परत कसं यायचं, एवढाच विचार राहिला होता.

"मी... चालवून पाहत होतो," मी म्हणालो. "पाय बरोबर आहेत की नाही. वॉकरचे."

डोमाजीने मान हलवली. माणूस भला.

मग मी माझ्या परीने काम केलं. हे काम मला येत होतं. वॉकरची उंची गंगीच्या मनगटाशी जुळवली, बटणं नीट बसवली. तिला सांगितलं, आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. ती उठली, थरथरली, दांडी धरून उभी राहिली. "खाली नाही, समोर बघ," मी म्हणालो. ती समोर बघत दारापर्यंत गेली, उंबरा ओलांडला, अंगणात गेली आणि पहिली गोष्ट केली म्हणजे मडक्यातून स्वतःच्या हाताने गिलास बुडवून पाणी प्याली. मग बकरीला शिवी दिली. महिनाभराची साठलेली असावी. डोमाजी दाराच्या चौकटीला टेकून तिच्याकडे बघत राहिला आणि मग उगाच आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

मी एक चहा प्यालो. मग दुसरा मागितला. बकरीची चौकशी केली. डोमाजीच्या मोठ्या भावाची केली, जो मारेगावला असतो आणि ज्याला मी कधी पाहिलेलं नाही. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ऑटोचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. आता उठणं भाग होतं.

डोमाजी म्हणाला, "हात देऊ का सर?"

"छे छे," मी म्हणालो. हे दोन शब्द माझ्या तोंडून आजवर जिथे जिथे निघाले, तिथे तिथे माझं नुकसान झालं आहे.

मी उभा राहिलो. अंगणात आलो. समोर गल्ली, आणि हात धरायला काही नाही. गंगी माझ्याकडे बघत होती. बाईला दोन मिनिटांत सगळं कळलं होतं. "थांबा सर," ती म्हणाली. "मी येतो तुमाले पोचवाले. धरा इकून."

आणि मी धरला. काय करणार? एका बाजूने गंगीने दांडी पकडली, दुसऱ्या बाजूने मी बोटं टेकवली, आणि आम्ही दोघं एका वॉकरवर गल्लीतून निघालो. दोन बायका धान्य निवडायचं थांबवून बघत राहिल्या. एकीने विचारलं, "गंगे, कोन कोनाले आणून राह्यलं?" गंगी म्हणाली, "पाहू आता, पोचल्यावर समजन."

निम्म्यावर ती थकली. पहिलाच दिवस होता तिचा. ती थांबली, धापा टाकत म्हणाली, "बस सर. आता तुमी जा."

मी बोटं काढली. वाटलं, आता जमीन येणार. आली नाही. मी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. नवरदेवही एवढ्या हळू चालत नाही. भिंत जवळच होती, पण तिला लागायचं नाही असं ठरवलं, आणि खाली बघत बघत, एकेक दगड पारखत पुढे गेलो. एका ओट्यावरची म्हातारी म्हणाली, "काही हरवलं का बाप्पा?" मी म्हणालो, "नाई माय." तरी ती बिचारी माझ्यासोबत खाली बघायला लागली.

ऑटोत बसलो तेव्हा बनियन घामाने भिजलं होतं, डिसेंबरात. मागे वळून पाहिलं. डोमाजी गंगीसाठी स्टूल घेऊन आला होता आणि ती भर गल्लीत राणीसारखी बसली होती. शाहिदने ऑटो सुरू केली आणि आरशात बघून मुद्दाम ओरडला, "सर! वॉकर विसरले!"

"तू चल," मी म्हणालो.

शनिवारी हॉलवर गेलो. रूथताईंनी माझे मोकळे हात पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, "सर, पायरी ओली आहे. जपून." त्यांनी शोभा केली नाही, याबद्दल मी त्यांचा आयुष्यभर ऋणी आहे. मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "ते राहू द्या. डोमाजीभाऊ सांगत होते, तुम्ही उंची लावून दिली, चालायला शिकवलं. आम्ही नुसता वॉकर देतो, लोक तो कसाही वापरतात. यापुढे कोणी नेला की तुम्ही घरी जाऊन दाखवाल का?" मी लगेच हो म्हणालो. निशिगंधाने ऐकलं आणि म्हणाली, "फक्त दाखवा सर. भाषण नको." तेव्हापासून मी हे काम करतो. भाषण करतो, पण थोडंसं.

भीती पूर्ण गेली, असं मी म्हणणार नाही. सपाट रस्त्यावर मी आता बरा चालतो. पण आमच्या घरापासून हॉलपर्यंत ठिकठिकाणी नालीवर फरश्या टाकल्या आहेत, आणि त्या हलतात. तिथे आलं की मी इंदूचा हात पकडतो. मंगळवारी तिचा शिवणवर्ग असतो, आता मीही तिच्यासोबत जातो. आमच्याकडे या वयाची नवराबायको रस्त्याने हात धरून चालत नाहीत. त्यामुळे गल्लीत वेगळीच चर्चा सुरू झाली. धावजी सर पडल्यापासून फार रंगेल झाले म्हणे. एका जुन्या विद्यार्थ्याने तर मोटारसायकल थांबवून आम्हाला नमस्कार केला.

परवा इंदूला म्हणालो, "लोक हसतात. तुला लाज वाटत असेल तर मी एखादी काठी घेतो."

नालीवरची फरशी आली, मी हात धरला, फरशी गेली, मी हात सोडला. चार पावलं पुढे जाऊन ती थांबली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"नालीवरच काहून धरता?" ती म्हणाली. "रस्त्यानंबी धरत जा न."